बंद म्हणजे नक्की काय?

गेल्या वर्षी जुलैत मी चार ओळींचा एक पॅच पाठवला. तो स्वीकारला जायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत झालेली सगळी चर्चा एकाच वाक्याभोवती फिरत होती: "चालतंय ना? मग कशाला हात लावतोस?"

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. ते म्हणणाऱ्याविरुद्ध नाही. तो माणूस माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा आहे, ऑसिलोस्कोपचा प्रोब नीट कसा धरायचा हे मला त्यानेच शिकवलं, आणि घरी गेलं की वहिनी जेवल्याशिवाय सोडत नाहीत. पण हे वाक्य आमच्या धंद्यात इतकं मुरलंय की ते म्हणताना आपण काही मत मांडतोय असंही कुणाला वाटत नाही. 'पाऊस पडतोय' म्हणावं तसं म्हणतात.

विषय थोडा तांत्रिक आहे. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, हार्डवेअरमधल्या टायमरची अवस्था कशी सांभाळतो, हा तो विषय. नाव वाचून पान खाली सरकवू नका. तुम्ही हे अँड्रॉइड फोनवर वाचत असाल तर ही गोष्ट आत्ता तुमच्या तळहाताखाली चालू आहे. किंवा बंद आहे. यातलं नक्की कुठलं, तोच तर वाद आहे.

आधी टायमर म्हणजे काय ते. प्रोसेसरला वेळ कळत नाही. त्याला एकामागून एक आज्ञा कळतात. 'दहा मिलिसेकंद झाले' हे त्याला बाहेरून कुणीतरी खांद्यावर थोपटून सांगावं लागतं. ते काम टायमर नावाचं छोटं सर्किट करतं: आकडे मोजायचे, ठरलेला आकडा आला की इंटरप्ट द्यायचा. इंटरप्ट आला की प्रोसेसर हातातलं काम सोडून, झोपला असेल तर जागा होऊन, बघायला येतो.

पूर्वी हे अगदी शाळेतल्या शिपायासारखं चालायचं. वर्गात पोरं असोत नसोत, ठरल्या वेळी घंटा. लिनक्समध्ये इंटेल मशीनवर सुरुवातीला सेकंदाला १०० घंटा पडत. २.६ मालिकेत त्या १००० झाल्या, आणि २००५ मध्ये नेहमीची सेटिंग २५० वर आली. मशीन रिकामं बसलेलं असलं तरी घंटा चालूच. भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या संगणकात याचं कुणाला फार वाटत नव्हतं. बॅटरीवर चालणाऱ्या गोष्टी आल्या आणि वाटायला लागलं.

२००७ मध्ये आलेल्या २.६.२१ या आवृत्तीत थॉमस ग्लाइक्सनर आणि त्याच्या सहकाऱ्यांची क्लॉक-इव्हेंट नावाची रचना आली. तिच्यामुळे कर्नल टायमरला म्हणू शकला, "सारखी घंटा नको. पुढचं काम ४० मिलिसेकंदांनी आहे, तेव्हा एकदाच उठव." याला वनशॉट म्हणतात. सारख्या घंटेला पीरिऑडिक. आणि टायमर पूर्ण थांबवायचा असेल तर शटडाउन. तीन अवस्था, तीन नावं. बघायला छान, सुटसुटीत.

आता असं समजा की आपण वनशॉट अवस्थेत आहोत आणि पुढचा गजर कधीचा असं कर्नलने स्वतःलाच विचारलं. उत्तर आलं: कधीचाच नाही. या कोअरला सध्या काहीच काम नाही. अशा वेळी कर्नल 'केटाइम मॅक्स' नावाचा एक अतिप्रचंड आकडा वापरतो. नॅनोसेकंदांत मोजला तर तो साधारण २९२ वर्षांचा भरतो. थोडक्यात, 'तुझ्या नातवंडांनाही उठवू नकोस'.

मग त्या वेळी टायमरला काय सांगायचं?

२०१५ पर्यंत उत्तर होतं: काहीच नाही. काम नाही, तर सांगायचं काय. नवा गजर लावायचा नाही, बस्स. हे ऐकायला इतकं रास्त वाटतं की मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा मान डोलावली होती. पण गजर आधीच लावलेला होता. शेवटच्या घंटेच्या वेळी पुढच्या घंटेची वेळ टायमरमध्ये भरून झालेली होती, आणि ती कुणी काढून घेतलेली नव्हती. म्हणजे टायमर आणखी एकदा तरी, विनाकारण, वाजणार. तेही चांगला टायमर असेल तर. काही टायमरना वनशॉट ठाऊकच नसतो. त्यांना फक्त सारखी घंटा देता येते, आणि ड्रायव्हर लिहिणारा त्यांच्याकडून वनशॉटचं सोंग वठवून घेतो. तसला टायमर एकदा वाजून गप्प बसत नाही. शेवटचं जे अंतर भरलेलं होतं त्याच अंतराने वाजत राहतो. वर कर्नलला वाटतंय सगळं शांत आहे, आणि खाली शिपाई रिकाम्या शाळेत घंटा बडवतोय.

यावर उपाय म्हणून चौथी अवस्था आली: 'वनशॉट स्टॉप्ड'. मोड वनशॉटचाच, पण आत्ता थांबलेला. गोष्ट एवढीच. मला मात्र ती आणायला काय करावं लागलं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. तोवर प्रत्येक ड्रायव्हरमध्ये 'सेट मोड' नावाचं एकच फंक्शन असायचं. कर्नल त्याला अवस्थेचं नाव द्यायचा आणि ते फंक्शन आत एक भलामोठा स्विच लावून काय ते करायचं. ते काही उत्तरही परत देत नसे. सांगितलेली अवस्था या हार्डवेअरला जमते का, जमली का, कर्नलला कळायला मार्ग नव्हता. अशा व्यवस्थेत नवं नाव घुसवायचं तर प्रत्येक ड्रायव्हर उघडून बघावा लागणार, की अनोळखी नाव आल्यावर हा काय करतो. कुणाच्या 'डीफॉल्ट'मध्ये काय पडलंय कुणास ठाऊक. म्हणून विरेश कुमार या कर्नल अभियंत्याने त्या वर्षी ते एक फंक्शन फोडून प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र फंक्शन दिलं, उत्तर परत देणारं, आणि मग एकेक करून ढीगभर ड्रायव्हर त्या नव्या पद्धतीत नेले. वेगवेगळ्या चिपचे, वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले ड्रायव्हर. जुनं फंक्शन शेवटी काढूनच टाकलं.

त्यातला प्रत्येक ड्रायव्हर तेव्हा 'चालत' होता, हे लक्षात घ्या.

याच सुमारास आणखी एक बारीक बदल झाला, तो माझ्या विशेष आवडीचा. अवस्था ज्या चलात साठवतात त्याचं नाव बदलून 'स्टेट यूज ॲक्सेसर्स' असं काहीतरी ठेवलं गेलं. म्हणजे चलाच्या नावातच दटावणी: मला थेट हात लावू नका, ठरलेल्या फंक्शनमधून या. दारावर 'कुत्र्यापासून सावध' लिहिण्याऐवजी कुत्र्याचंच नाव 'सावध' ठेवावं तसं. कुणाला हे बालिश वाटेल. मला ते माणसं ओळखून केलेलं वाटतं.

आता थोडं मागे जातो, कारण 'थांबवणे' या क्रियेत नेमकं काय काय येतं हे आम्हाला शिकवलं होतं. आम्हालाच कळलं नव्हतं.

इंजिनिअरिंगला ज्यांनी इलेक्ट्रॉनिक्स केलंय त्यांना ८०५१ आठवत असेल. टायमर वापरून डिले तयार करायचा आणि एलईडी लुकलुकवायची. त्या प्रोग्रामच्या शेवटी दोन ओळी असायच्या: सीएलआर टीआर झीरो, सीएलआर टीएफ झीरो. आम्ही त्या आरतीसारख्या पाठ केल्या होत्या. एक्स्टर्नलसमोर हात थरथरत असतानाही त्या बरोबर पडायच्या. पण दोन का? एक का पुरत नाही? चार वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, आणि मीही कुणाला विचारला नाही. टीआर झीरो मोजणी थांबवतो. पण मोजणी पूर्ण होऊन जो झेंडा आधीच वर गेलाय, तो टीएफ झीरो. मोजणी थांबवली म्हणून तो आपोआप खाली येत नाही. तो तसाच राहिला तर पुढच्या वेळी टायमर सुरू केल्याबरोबर 'वेळ झाली' असं खोटं उत्तर मिळतं. म्हणजे थांबवणं ही एक क्रिया नाहीच. मोजणी थांबवणं वेगळं, आधीच निघालेला निरोप परत घेणं वेगळं, आणि निरोप आला तरी ऐकायचा नाही असं कान झाकणं आणखी वेगळं. या तिन्हींना आपण सरसकट 'बंद' म्हणतो.

यातला तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. कान झाकले की बाहेर शांतता झाली असं वाटतं.

त्याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण २०२४ चं आहे, आणि ते कुठल्या गल्लीतल्या चिपचं नाही, इंटेलच्या प्रोसेसरचं आहे. प्रत्येक कोअरजवळ एक लोकल एपिक टायमर असतो. तो थांबवायचा म्हणून लिनक्स दोन गोष्टी करत असे: इंटरप्टवर मास्क घालायचा, म्हणजे कान झाकायचे, आणि सुरुवातीच्या आकड्याच्या रजिस्टरमध्ये शून्य लिहायचं, म्हणजे मोजायला काही उरत नाही. पीरिऑडिक आणि जुन्या वनशॉटसाठी हे बरोबर आहे. पण दहाहून अधिक वर्षं इंटेलवर पसंतीचा मोड तिसराच आहे, टीएससी डेडलाइन. त्यात उलटी मोजणी नाहीच. 'अमुक आकडा झाला की उठव' अशी थेट वेळ एका वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची असते. आणि या मोडमध्ये ते जुनं, सुरुवातीच्या आकड्याचं रजिस्टर प्रोसेसर चक्क दुर्लक्षितो. त्यात शून्य लिहा, हजार लिहा, फरक शून्य.

म्हणजे बंद करायचा हुकूम इतकी वर्षं अशा टेबलावर जाऊन पडत होता जिथे कुणी बसतच नव्हतं.

मग इतकी वर्षं बोंब का झाली नाही? कारण जुने प्रोसेसर याबाबत समजूतदार होते. मास्क आहे ना, मग असू दे, म्हणून झोपी जायचे. नवे प्रोसेसर काटेकोर निघाले. टायमर खरोखर निःशस्त्र झालाय असं दिसल्याशिवाय ते खोल झोपेत जाईनात. लॅपटॉपचं झाकण मिटलं, पडदा काळा झाला, तुम्ही तो बॅगेत कोंबला, आणि आत तो जागाच. बॅग गरम, बॅटरी साफ. पॅचच्या वर्णनात हे बॅगेचं उदाहरण आहे, मी रंगवून सांगत नाही. दुरुस्ती इंटेलमधल्याच एका अभियंत्याची: डेडलाइन मोड असेल तर डेडलाइनच्या रजिस्टरमध्ये शून्य लिहा. मोजक्या ओळी. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती कर्नलमध्ये गेली.

'चालतंय ना' म्हणणाऱ्यांनी या गोष्टीपाशी थोडं थांबावं. दहा वर्षं जे 'चालत' होतं ते कोडच्या बरोबर असण्यामुळे चालत नव्हतं. समोरचा सांभाळून घेत होता म्हणून चालत होतं. ज्या दिवशी समोरचा बदलला त्या दिवशी चूक जन्माला आली नाही, फक्त दिसली.

आता माझी चार ओळींची गोष्ट.

मी तेव्हा पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. गावांच्या पाणीपुरवठ्याच्या टाक्यांवर पातळी मोजणारे सेन्सर, आणि त्यांचे आकडे गोळा करून दर १५ मिनिटांनी पाठवणारी एक पेटी, असा आमचा माल. पेटीत चार कोअरची एक साधी एआरएम चिप, त्यावर लिनक्स, वर हातभर सोलर पॅनेल, आत बॅटरी. १५ मिनिटांतली काही सेकंदं काम, बाकी झोप, असा हिशेब. त्या हिशेबावरच पॅनेलचा आणि बॅटरीचा आकार ठरलेला. उन्हाळ्यात कुणाची काही तक्रार नव्हती.

पावसाळ्यात मुळशीकडच्या पेट्या बंद पडायला लागल्या. तिकडचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको, आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. पेटी बंद पडली की टाकी भरल्याचं कळत नाही, पंप चालू राहतो किंवा भलत्याच वेळी बंद होतो. आमच्याकडे अशा प्रत्येक तक्रारीवर एक तयार शिक्का होता: 'पॅनेल अस्वच्छ'. तो मारला की तिकीट बंद. पॅनेल पुसायचं काम गावातल्या पाणी सोडणाऱ्या माणसाकडे, त्याचे पैसे ठेकेदाराकडून, आणि शिक्का पडला की ठेकेदार त्याचे पैसे कापणार. ही साखळी मला तेव्हा माहीत नव्हती. सॉफ्टवेअरवाल्यांना ती कळावी अशी सोयही नव्हती.

एका गावात मला पाठवलं, कारण सपोर्टचा माणूस आजारी होता. टाकीवरचे काका पंचावन्न-साठचे असतील. मी शिडी चढून वर पोचायच्या आधीच त्यांनी मोबाइल काढला.

"साहेब, रोज पुसतो मी. हे बगा, फोटू काढून ठिवल्यात. तारीख बी येती त्यात."

फोटो होते. ओळीने एकोणीस. ओलं, स्वच्छ पॅनेल, वर राखाडी आभाळ.

"काका, मला साहेब नका म्हणू. मी बघतो काय ते."

"बगा. पन लिवताना नीट लिवा. मागच्या बारीला बी कापलं."

पेटी उघडून लॅपटॉप जोडला. लिनक्समध्ये इंटरप्टची नोंदवही असते, कुठल्या कोअरला किती इंटरप्ट आले त्याची. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा ती बघितली. पहिला कोअर, जो खरं काम करतो, त्याचा आकडा जेमतेम सरकलेला. बाकी तीन कोअर, ज्यांना काडीचं काम नव्हतं, त्यांचे आकडे हजाराहजाराने वाढलेले. सेकंदाला १००. जे रिकामे बसले होते तेच सेकंदाला शंभरदा दचकून उठत होते, आणि एकही कोअर जागा असला की सगळ्या चिपला खोल झोपेत जाता येत नाही.

तुम्ही वर वाचलंय, तेव्हा तुम्हाला कळलंच असेल. मला तेव्हा कळलं नव्हतं. परत येऊन तीन रात्री घालवल्या. टायमरची यादी दाखवणारी आणखी एक नोंदवही आहे. तिच्यात प्रत्येक टायमरच्या खाली त्याला कुठकुठल्या अवस्था जमतात ते ओळीने येतं: शटडाउन, पीरिऑडिक, वनशॉट. ज्या ड्रायव्हरने 'वनशॉट स्टॉप्ड'ची सोय केलीय त्याच्याखाली आणखी एक ओळ येते. आमच्याखाली ती ओळ नव्हती. ही अवस्था ऐच्छिक आहे. ड्रायव्हरने दिली नाही तर कर्नल तक्रार करत नाही, पुढे जातो. चिप बनवणाऱ्याने दिलेला ड्रायव्हर वनशॉटचं सोंग पीरिऑडिकवर वठवणारा, आणि थांबायची सोय नसलेला.

दुरुस्ती हास्यास्पद वाटेल इतकी लहान होती. शटडाउनचं जे फंक्शन होतं तेच 'वनशॉट स्टॉप्ड'साठीही लावायचं, ही एक ओळ. बरेच ड्रायव्हर हेच करतात. आणि त्या शटडाउनमध्ये मोजणी थांबत होती पण वर गेलेला झेंडा खाली येत नव्हता, त्यासाठी तीन ओळी. सीएलआर टीआर झीरो, सीएलआर टीएफ झीरो. थर्ड इयरचं प्रॅक्टिकल.

आणि मग ते सात आठवडे.

विरुद्ध बाजू मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती मूर्खपणाची नव्हती. कर्नलमधला टायमर ही चेष्टा नाही. तिथे चूक झाली तर ॲप बंद पडत नाही, पेटीच उठत नाही. शेकडो पेट्या डोंगरात, दूरवरून अपडेट द्यायचा, आणि त्यात एक पेटी झोपली ती झोपलीच, तर माणूस पाठवावा लागणार. खर्च कोण देणार? "तुझ्या चार ओळींवर मी चारशे पेट्या लावू?" हा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर 'विश्वास ठेवा' हे नव्हे. त्याला उत्तर म्हणजे चाचणी, आणि ती मी केली: टेबलावर सहा पेट्या, तीन जुन्या कोडवर, तीन नव्या, पॅनेल काढून. दुसऱ्या आठवड्यात फरक उघड्या डोळ्यांनी दिसायला लागला. तरीही वाक्य तेच राहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की जोखमीचा मुद्दा खरा असला तरी मोजला एकाच बाजूने जात होता. पॅच टाकून पेटी मेली तर नाव आमच्या टीमचं. पॅच न टाकता मेली तर शिक्का पॅनेलवर. जुन्या चुकीचा खर्च आमच्या वहीत येतच नव्हता, म्हणून आमच्या वहीपुरतं सगळं चालत होतं.

दुसरा युक्तिवाद आला तो मला जास्त झोंबला: बॅटरी मोठी टाका. पुढच्या बॅचमध्ये टाकलीही. हा आमच्या पिढीचा आवडता उपाय आहे. फोन लवकर उतरतो, मोठी बॅटरी. ॲप हळू, जास्त रॅम. उपाय म्हणून कधीकधी तो योग्यही असतो. पण इथे आम्ही काय करत होतो? तीन कोअरना सेकंदाला शंभरदा विनाकारण उठवता यावं यासाठी वाढीव शिसं वाहून डोंगरावर नेत होतो.

तिसरा युक्तिवाद मित्रांचा. "कशात अडकलायस? टायमरचा रजिस्टर इंटरव्ह्यूत कोण विचारतं? डीएसए कर, बाहेर पड." विचारत नाहीत हे खरं आहे. गेल्या दोन वर्षांत मी चार ठिकाणी मुलाखती दिल्या. बायनरी ट्री उलटं करायला चारही ठिकाणी सांगितलं. सुरू केलेली गोष्ट थांबवायची कशी, आणि ती थांबलीय हे कशावरून ठरवायचं, हे एकाही ठिकाणी विचारलं नाही. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये मी बघतो, 'स्टार्ट' लिहिलेलं फंक्शन निगुतीने लिहिलेलं असतं. त्याचा डेमो होतो, टाळ्या पडतात. 'स्टॉप'मध्ये एक फ्लॅग फॉल्स केलेला असतो. 'इज रनिंग बरोबर फॉल्स'. कोण रनिंग नाहीये? मोजणी? निरोप? की फक्त आपले कान झाकलेत? त्या एका फ्लॅगपेक्षा मला २०१५ ची ती पाच नावं बरी वाटतात: डिटॅच्ड, शटडाउन, पीरिऑडिक, वनशॉट, वनशॉट स्टॉप्ड. त्यातली तीन न चालण्याची आहेत. न चालण्याचे तीन प्रकार असतात हे कबूल करायला कुणाला तरी किती भांडावं लागलं असेल.

जाता जाता एक सांगतो, कारण 'चालतंय ना'ला याहून चोख उत्तर मला माहीत नाही. लिनक्समध्ये घंटा मोजणारा जिफीज नावाचा आकडा आहे. ३२ बिटांत मावेल इतका वाढला की तो पुन्हा शून्यावर येतो, गाडीचा मीटर फिरावा तसा. सेकंदाला हजार घंटा धरल्या तर याला ४९.७ दिवस लागतात. (विंडोज ९५ आणि ९८ मिलिसेकंदांच्या अशाच एका आकड्यामुळे ४९.७ दिवस सलग चालले की अडकून पडत. तितके दिवस ते सलग चालत होते का, हा वेगळा विषय.) या फिरण्याच्या क्षणी ज्यांचा हिशेब चुकतो असे ड्रायव्हर टेबलावर कधीच सापडणार नाहीत, कारण टेबलावर कुणी पन्नास दिवस थांबत नाही. मग कर्नलवाल्यांनी काय करावं? जिफीजची सुरुवात शून्यापासून करायचीच नाही असं ठरवलं. सुरुवात होते ती मीटर फिरायला बरोबर पाच मिनिटं कमी असताना. मशीन सुरू केल्यावर पाच मिनिटांत आकडा फिरतो. ज्याचं फुटायचंय त्याचं लिहिणाऱ्याच्या समोर, चहा संपायच्या आत फुटू दे. पन्नास दिवसांनी डोंगरावर कुणा तिसऱ्याच्या डोक्यावर नको.

आमचा पॅच सप्टेंबरात गेला. पावसाळा ओसरला होता, त्यामुळे फरक पडला की ऊन पडलं म्हणून पेट्या सुधारल्या, यावर ऑफिसात अजून दोन मतं आहेत. यंदाच्या जुलैत मी त्या कंपनीत नव्हतो. पण काकांनी माझा नंबर ठेवला होता. जुलैच्या शेवटी त्यांचा व्हॉट्सॲप आला, ओल्या पॅनेलचा फोटो, खाली 'चालू हाय साहेब, यकदा बी बंद न्हाई'. मी अंगठा पाठवला. थोड्या वेळाने दुसरा मेसेज आला: गेल्या साली तीन महिने कापले ते पैसे आता मिळतील का, तुमच्या लोकांना विचारून सांगा.

मी तो जसाच्या तसा जुन्या मॅनेजरला पाठवला. निळ्या टिका त्याच दिवशी झाल्या.